हिवाळ्यात बाग ओकीबोकी दिसते, कोणती झुडपं लावावीत?

मृद्गंध | १२ डिसेंबर, ९:४०
नमस्कार मंडळी. यंदा पुण्यात तळमजल्यावर राहायला आलो. घरापुढे साधारण २० बाय ८ फुटांचा मातीचा पट्टा आहे. आधीच्या मालकांनी कडेने तगर आणि मधे दोन जास्वंदी लावलेल्या. पावसाळ्यात सगळं नुसतं उफाळून आलं होतं. दिवाळी झाली आणि बाग एकदम बसली. जास्वंदीच्या कळ्या उमलायच्या आधीच गळतात, तगरीची पानं पिवळी पडताहेत, फुलाच्या नावाने शंख.
दोन प्रश्न आहेत. एक, थंडीत बागेची काळजी नेमकी कशी घ्यायची? यूट्यूबवर बघितलं तर कुणी झाडं गोणपाटात गुंडाळा म्हणतं, कुणी सगळं जमिनीपासून सहा इंचांवर छाटा म्हणतं. दोन, डिसेंबर ते मार्च बघायला काहीतरी राहील अशी झुडपं कोणती? हंगामी रोपं दरवर्षी आणायची नाहीत. पिटुनिया वगैरे सांगू नका.

चहाबाज | १२ डिसेंबर, ९:५२
पुण्याच्या थंडीत झाड गोणपाटात? आधी स्वेटर घालून पुणेकर बाहेर काढा, मग झाडांचं बघू. (हलके घ्या.)

बागेश्री | १२ डिसेंबर, ११:१५
मृद्गंध, गोणपाटाचे व्हिडिओ बंद करा. ते बर्फाच्या मुलखातले असतात. आपल्याकडे थंडीने झाड मरत नाही, फार तर रुसतं. महाबळेश्वरला वेण्णा तलावाजवळ एखाद्या रात्री दव गोठतं, तिथले स्ट्रॉबेरीवाले झाकतात, ते ठीक. पुण्यात गरज नाही.
आपला घोळ पाण्यात होतो. ऑक्टोबरच्या उन्हात रोज घालायची सवय लागते आणि डिसेंबरातही झारी रोज चालू राहते. माती वरून कोरडी दिसते, बोटभर खाली ओलीच असते. तगरीची पिवळी पानं बहुधा त्यातलीच. जमिनीतल्या झुडपांना आता दोन-तीन दिवसांआड पाणी पुरे, तेही सकाळी. खताचा हातही आखडता घ्या. शेणखत पसरून वर पालापाचोळ्याचं आच्छादन घातलंत की झालं.
छाटणीबद्दल एकच एक नियम नसतो. गुलाबाची मोठी छाटणी ऑक्टोबरात, पाऊस गेल्यावर. ती वेळ गेली, आता फक्त सुकलेली फुलं काढत राहा. मोगऱ्याचं उलटं. त्याचं पाणी आत्ता कमी करायचं, जानेवारीत छाटायचा, मग खत-पाणी सुरू करायचं, म्हणजे मार्चपासून फुलतो. जास्वंदीला आत्ता हात लावू नका. कळ्या गळतात त्याला थंड रात्रीही कारण असतात, पण पानांमागे पांढरा कापूस दिसतो का ते बघा. पिठ्या ढेकूण असेल तर पाण्याची जोरदार धार मारा, आणि मुंग्या आधी हटवा. त्याला इकडून तिकडे नेऊन बसवतात त्याच.

मृद्गंध | १२ डिसेंबर, ११:४०
कापूस आहे!! मुंग्याही आहेत. मला वाटलं मुंग्या फुलातल्या मधासाठी येतात.

राजेहो | १२ डिसेंबर, १२:३०
भाऊ, नागपुरात थंडी पुण्याहून कडक, पण बाग आमची आत्ताच फुलते. शेवंती म्हणू नका, गुलाब म्हणू नका! आणि ताण द्यायचं म्हणाल तर आमचे संत्रेवाले काय करतात बघा. आंबिया बहार (हिवाळा सरताना येणारा फुलोरा) धरायचा तर डिसेंबर-जानेवारीत बागेचं पाणी तोडतात. झाड पानं गाळायला लागतं, मग पाणी सोडलं की फुलावर येतं. बोगनवेलीलाही तोच न्याय. लाडाने पाणी घालाल तर नुसता पाला. कोरडी ठेवा, मग बघा रंग.

एडिसनकर | १२ डिसेंबर, १९:०५
न्यू जर्सीतून हजेरी. आमच्याकडे हिवाळ्यात बाग म्हणजे करड्या काड्या. तरी इथे लोक खास हिवाळ्यासाठी झुडपं लावतात. आमच्या दारात विंटरबेरी आहे, इथलंच देशी झुडूप. पानं सगळी गळतात आणि नुसत्या काड्यांवर लालभडक फळं राहतात. फक्त मादी झाडालाच फळं धरतात, आणि जवळपास एक नर झाड लागतं. नर्सरीतून घेताना हे विचारून घ्यावं लागतं. दुसरं लाल काड्यांचं डॉगवुड. त्याची कोवळी काडी जास्त लाल, म्हणून हिवाळा संपता संपता जुन्या काड्यांपैकी तिसरा हिस्सा बुडापासून काढतात.
बाकी आमचा खरा हिवाळी उद्योग म्हणजे कढीपत्ता सांभाळणे. सप्टेंबर सरताना कुंडी घरात, मे महिन्यात बाहेर. घरातल्या हीटरच्या कोरड्या हवेत लाल कोळी लागतो, पानं झडतात आणि बायको म्हणते "मेलं". मरत नाही. एप्रिलात फुटतं.

निमा | १२ डिसेंबर, १९:२०
@एडिसनकर, आमच्या डॅलसच्या मैत्रिणीकडे कढीपत्त्याला स्वतंत्र खोली आहे. पाहुण्यांना सोफा.

खुरपं | १२ डिसेंबर, २१:१०
मूळ प्रश्नाकडे येऊ या का? सह्याद्रीत हिवाळ्यात काय फुलतं ते आधी बघा आणि तेच लावा. माझी यादी:
कोरांटी. जांभळी, पांढरी, गुलाबी, सगळ्या. पाऊस सरताना सुरू होते, थंडीभर चालते. पिवळी काटेरी कोरांटी कुंपणाला.
अडुळसा. खोकल्यापुरता लोकांना माहीत असतो. पांढऱ्या फुलांवर जांभळट रेषा असतात, डिसेंबरच्या पुढे फुलतो, मधमाश्या तुटून पडतात. बकरी तोंड लावत नाही.
धायटी. जागा असेल तरच, पसरते. जानेवारीपासून लाल नळीसारखी फुलं येतात आणि शिंजीर पक्षी दिवसभर हलत नाहीत. आयुर्वेदात आसव-अरिष्ट आंबवायला वापरतात ती हीच.
कुंद. ऐन थंडीत पांढराशुभ्र. वास जाई-जुईइतका नाही, पण त्या झोपलेल्या असताना हा जागा असतो. माघी गणपतीला घरची फुलं मिळतात.
करवंद. फुलं फेब्रुवारी-मार्चात, पण पान बारमाही हिरवंगार आणि तकतकीत.
पॉइन्सेटिया, पावडर पफ, हमेलिया ही सगळी नर्सरीवाल्यांची फॅशन. स्थानिक फुलपाखरं त्यावर सहसा अंडी घालत नाहीत.

सोनचाफा | १२ डिसेंबर, २१:३५
@खुरपं, हमेलियावर शिंजीर बसतात हे मी रोज खिडकीतून बघते. अंडं घालत नसेल फुलपाखरू, पण मध तर पितं ना? आणि तुमची धायटी ८ फुटांच्या पट्ट्यात लावली की मृद्गंध यांना घरात खिडकीतून जावं लागेल.
पॉइन्सेटियाला एवढं तुच्छ लेखू नका. मेक्सिकोचं झाड आहे हे मान्य, पण टोमॅटो-मिरचीही तिकडूनच आल्या आणि आपण त्यांना घरात घेतलंच की. डिसेंबरात एवढा लाल रंग दुसरं कोण देतं? लाल असतात ती पानंच, खरी फुलं मधली पिवळी गाठोडी. चीक मात्र हाताला लागू देऊ नका, खाज सुटते.

काजवा | १२ डिसेंबर, २२:०२
आमच्या सोसायटीत गेटपाशी पॉइन्सेटियाची मोठी झुडपं आहेत. अर्धी बाजू लाल, अर्धी हिरवीगार. माळी म्हणतो करणी केली कुणीतरी.

बागेश्री | १२ डिसेंबर, २२:२०
@काजवा, हिरव्या बाजूला रस्त्याचा दिवा असणार. पॉइन्सेटियाला रंग धरायला रोज रात्री १२ तासांहून जास्त सलग अंधार लागतो. दिवस लहान झाले की त्याला समजतं. रात्रभर दिवा डोक्यावर असेल तर त्याच्या लेखी उन्हाळाच चालू. शेवंतीचंही तेच. मोठे शेवंती उत्पादक रात्री दिवे लावून फुलं मुद्दाम लांबवतात.

काजवा | १२ डिसेंबर, २२:२६
आहे!! दिवा आहे! माळीकाकांना उद्या सांगतो. करणी महावितरणची.

चहाबाज | १२ डिसेंबर, २२:३१
@काजवा, आधी दिवा कुणाचा ते बघा. सोसायटीचा असेल तर करणी मेंटेनन्समध्येच आली.

दापोलीकर | १३ डिसेंबर, ७:४५
यादीत संक्रांत वेल राहिली. झुडूप नाही, वेल आहे, कबूल. पण कुंपणाची भिंत असेल तर जानेवारीत नारिंगी फुलांनी अशी झाकते की भिंतीचा रंग कोणता होता ते विसराल. ती दक्षिण अमेरिकेतली, म्हणजे खुरपंसाहेबांना चालणार नाही.
आणि पांढरा चाफा? हिवाळ्यात पानं गाळून नागवा उभा राहतो, पण त्या फांद्यांचा आकार बघण्यासारखा असतो. कुंडीत असेल तर आता पाणी जवळपास बंद करा, नाहीतर बुंधा मऊ पडून कुजतो. लोक पानं गेली म्हणून घाबरून जास्त पाणी घालतात.

रेवती_ठाणे | १३ डिसेंबर, ८:३०
फुलं येतील हो, पण टिकतील का? आमच्या तळमजल्यावर पहाटे साडेपाचला एक काका येतात. हातात आकडी लावलेली काठी, दुसऱ्या हातात दुधाची पिशवी. तगरीचं एक फूल ठेवत नाहीत. एकदा हटकलं तर म्हणाले, "देवासाठीच नेतोय." देव त्यांचा, झाड माझं.

चहाबाज | १३ डिसेंबर, ८:३४
पुण्य कोणाच्या खात्यात जमा होतं याचा स्वतंत्र धागा निघायला हवा.

निमा | १३ डिसेंबर, ८:५०
आमच्याकडे काकू आहेत. आणि त्या कळ्याही नेतात, "घरी उमलतात" म्हणून.

खुरपं | १३ डिसेंबर, ९:१५
म्हणूनच म्हटलं, कुंपणाला पिवळी कोरांटी. काटे असे असतात की काकांची भक्ती दुसऱ्या दिवशी पुढच्या सोसायटीत जाते.

अबोली_गोंय | १३ डिसेंबर, १०:२०
अबोली कशी काय कोणी घेतली नाही? आमच्या गोव्यात घरासमोर अबोली नाही असं घर शोधावं लागतं. बाराही महिने फुलते, अर्धवट सावलीतही फुलते, वास नाही म्हणून कीटक कमी असं काही नाही, पण नखरे कमी. केशरी ही खरी, पिवळी आणि लालही मिळतात. एकाच जागी वर्षानुवर्षं ठेवली तर मुळांना सूत्रकृमींच्या गाठी येतात, झाड खुरटतं. तेव्हा दोन-तीन वर्षांनी नवी रोपं नव्या मातीत लावायची. निंबोळी पेंड घालत राहायची.
वाळलेली बोंडं मुलांना द्या आणि वर पाणी शिंपडायला सांगा. तडतड उडतात. बिया सगळीकडे, मग रोपं फुकट.

निफाडकर | १३ डिसेंबर, १३:००
वर कोणी तरी सकाळी पाणी घाला म्हणालं, बरोबर. पण एक गैरसमज दिसतो सगळीकडे, की संध्याकाळी पानं भिजली म्हणून भुरी येते. द्राक्षवाल्याला विचारा. भुरीला पानावर पाणी लागतच नाही. कोरडा दिवस, गार रात्र, हवेत थोडा ओलावा आणि दाटी, एवढं पुरतं. पान ओलं राहून येतो तो दावण्या, हा वेगळा रोग. गुलाबाच्या कोवळ्या पानांवर पांढरी पावडर दिसली तर ती भुरी. फांद्या विरळ करा, ऊन-वारा आत जाऊ द्या, आणि पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम, सकाळी किंवा उन्हं कलल्यावर फवारा.
महत्त्वाचं: गंधक आणि नीमतेल पाठोपाठ मारू नका. मधे निदान दोन आठवडे जाऊ द्या, नाहीतर पानं करपतात.
थंडीचं म्हणाल तर आमच्याकडे पारा ५-६ अंशांवर येतो त्या पहाटे शेतकरी बागेत शेकोट्या करतात आणि ठिबक सोडतात. मणी तडकू नयेत म्हणून. कुंडीतल्या जास्वंदीसाठी शेकोटी पेटवू नका म्हणजे झालं.

बागेश्री | १३ डिसेंबर, १३:२०
@निफाडकर, भुरीचं पटलं. पण मी सकाळी पाणी सांगते ते गारठ्यासाठी. रात्रभर थंड चिखलात मुळं नकोत.

निफाडकर | १३ डिसेंबर, १३:२४
मग वाद नाही ताई.

टेम्सकाठी | १३ डिसेंबर, १७:४०
इंग्लंडमधून थोडं अवांतर. केंब्रिज विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात खास हिवाळ्यासाठी केलेला एक भाग आहे. लाल-पिवळ्या काड्यांची झुडपं, पिवळ्या तुऱ्यांची महोनिया, बर्फातही फुलणारं विच हेझेल. ते बघून लक्षात आलं की इथे लोक हिवाळ्यात फूल कमी आणि काडी, साल, फळ जास्त बघतात. आणि पायवाट अशी काढलेली असते की तिरपं ऊन काड्यांच्या मागून यावं.
इथे एक पिवळी जाई मिळते, जानेवारीत पानाशिवाय फुलते. आईने पहिल्यांदा पाहिली तेव्हा नाक लावून म्हणाली, "हिला वास कुठंय? ही कसली जाई!" नंतर भारतात परत जाईपर्यंत तिचा अपमान चालू होता.

उत्तरायण | १३ डिसेंबर, १८:३०
टेम्सकाठी यांनी ऊन काढलंच, तर मला एक गोष्ट विचारायची आहे जी एकानेही विचारली नाही. मृद्गंध, तुमचा पट्टा इमारतीच्या कोणत्या बाजूला आहे?
कारण डिसेंबरात सूर्य दक्षिणेला झुकतो. पुण्यात २१-२२ डिसेंबरला भर दुपारीसुद्धा तो क्षितिजापासून साधारण ४८ अंशच वर असतो. म्हणजे इमारत जेवढी उंच, जवळपास तेवढीच लांब सावली उत्तरेला पडते, तीही दुपारी बाराला. जूनमध्ये तोच सूर्य डोक्यावर असतो, किंचित उत्तरेलाच. पट्टा उत्तरेला असेल तर पावसाळ्यात बाग उफाळते आणि दिवाळीनंतर बसते, अगदी तुम्ही लिहिलंय तसं.

मृद्गंध | १३ डिसेंबर, १९:०२
उत्तरेला आहे. सात मजली इमारत. आत्ता बाहेर जाऊन विचार केला तर ऑक्टोबरपासून पट्ट्यावर ऊन बघितल्याचं आठवत नाही. सकाळी एका टोकाला, जिथे इमारत संपते तिथे, तासभर येतं.

चहाबाज | १३ डिसेंबर, १९:०५
म्हणजे इतका वेळ आपण बिल्डिंगला छाटणीचे सल्ले देत होतो.

खुरपं | १३ डिसेंबर, २०:१०
हे आधी सांगायला हवं होतं. मग माझ्या यादीतून धायटी गेली, करवंद गेलं. कुंदही सावलीत नुसता लांबत जाईल, फूल देणार नाही. कोरांटी अर्ध्या सावलीत चालते, फुलं थोडी कमी येतील. अडुळसा चालेल.

सोनचाफा | १३ डिसेंबर, २०:२२
आणि माझा हमेलिया, पॉइन्सेटिया, बोगनवेल तिन्ही गेले. ऊन नाही तर रंग नाही. खुरपं, आज आपलं दोघांचंही नुकसान सारखंच झालं.

अबोली_गोंय | १३ डिसेंबर, २०:३०
माझी अबोली राहिली. :)

बागेश्री | १३ डिसेंबर, २१:१५
मृद्गंध, उद्या सुट्टी असेल तर सकाळी ८, १०, १२, २ आणि ४ ला पट्ट्याचा फोटो काढा. ऊन कुठे आणि किती वेळ येतं ते कळेल. मग असं करता येईल: उन्हाच्या टोकाला कुंद किंवा एखादा गुलाब. मधल्या भागात जांभळी कोरांटी तीन-तीनच्या पुंजक्याने, दोन रोपांत दोन-अडीच फूट अंतर. भिंतीलगत मागे अडुळसा, तो पाच-सहा फूट जातो, वर्षातून एकदा मार्च-एप्रिलात फुलं संपल्यावर खाली आणायचा. पुढे कडेला अबोली. जास्वंद काढू नका, मार्चपासून ऊन परत आलं की तीच तुमची बाग सांभाळेल.
सावलीत पाणी आणखी कमी हं. तिथे तीन-चार दिवसांनीसुद्धा बोट घालून बघा आणि मगच झारी उचला.

राजेहो | १३ डिसेंबर, २१:४०
आत्ता लावायचं का जूनमध्ये?

बागेश्री | १३ डिसेंबर, २१:५२
जून सगळ्यात चांगला, वादच नाही. पण पाणी हाताशी असेल तर आत्ताही लावता येतं, मुळं हळू धरतात इतकंच. मार्च ते मे मात्र नको. आणि नर्सरीतून आणायची तर आत्ताच जा, कोरांटीचा रंग फुलात असतानाच कळतो. नंतर आणलेली "जांभळी" पांढरी निघते. जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या सुमाराला एम्प्रेस गार्डनला पुष्पप्रदर्शन असतं, तिथे नर्सरीवालेही येतात.

काजवा | १४ डिसेंबर, ८:१०
आच्छादनासाठी पालापाचोळा वर सांगितलाय. आमच्याकडे माळी रोज सकाळी गोळा करतो आणि गेटबाहेर पेटवतो. थंडीत धूर वर जातच नाही, पहिल्या मजल्यावर खिडकी उघडता येत नाही. आणि मग तीच सोसायटी गोण्या भरून खत विकत आणते! सभेत विषय काढला तर म्हणाले, पाचोळ्यात साप येतील.

रेवती_ठाणे | १४ डिसेंबर, ८:२५
आम्ही कोपऱ्यात जाळीचं गोल कुंपण करून त्यात पाचोळा टाकायला लागलो. वर थोडं शेण आणि पाणी, महिन्याभराने उलथापालथ. पावसाळ्यापर्यंत बसतं. साप आला नाही अजून, आकडीवाले काका येतात.

मृद्गंध | १४ डिसेंबर, १९:३०
फोटो काढले. पूर्वेच्या टोकाला सव्वा आठ ते साडेनऊ ऊन, बाकी पट्टा दिवसभर नुसता सावलीत. गंमत म्हणजे शेजारच्या इमारतीच्या काचांवरून परावर्तित ऊन दुपारी दोनच्या सुमाराला मधल्या भागावर येतं, ते मोजायचं का?
ठरवलेलं असं: अडुळसा दोन, जांभळी कोरांटी सहा, पांढरी तीन, अबोली कडेने. टोकाला कुंद लावून बघतो. पाणी बंद केल्यापासून तगरीची नवी पानं गळायची थांबली आहेत असं वाटतंय. मुंग्यांसाठी बुंध्याला काय लावू?

उत्तरायण | १४ डिसेंबर, १९:४४
परावर्तित ऊन थोडं मोजा, पण त्याच्या भरवशावर गुलाब लावू नका. आणि २२ डिसेंबरनंतर सावली रोज थोडी मागे सरेल. पुढचे फोटो फेब्रुवारीत काढा.

निफाडकर | १४ डिसेंबर, १९:५०
बुंध्याला चिकट पट्टी गुंडाळा, फांद्या भिंतीला टेकत नाहीत ना ते बघा. टेकत असतील तर मुंग्या तिथून चढतात.

खुरपं | १४ डिसेंबर, २०:०५
पांढरी कोरांटी आमच्याकडे रग्गड आहे. बोंडं फेब्रुवारीत तडकतात, बी हवं असेल तर त्याआधी कळवा.

नवा_कुंडीवाला | १४ डिसेंबर, २२:१५
धागा छान आहे. माझ्याकडे वडाचं बोन्साय आहे, त्याची पानं पिवळी पडताहेत. काय करू?

चहाबाज | १४ डिसेंबर, २२:१७
पट्टा कोणत्या बाजूला आहे?